बरगड्यांमधली जागा

फुप्फुसाला स्वतःहून श्वास घेता येत नाही. हृदय आपलं आपण धडधडतं, आतडी आपली आपण सरकत राहतात. फुप्फुसं मात्र परावलंबी. त्यांना फुगवील असा एकही स्नायू त्यांच्या अंगात नाही. उलट त्यांची ओढ सदा मिटण्याकडे असते. छातीला बाहेरून भोक पडून हवा आत शिरली, तर ती तिथल्या तिथे आक्रसतात. तरी शाळेच्या पुस्तकातल्या श्वसनसंस्थेच्या चित्रात सगळा मान त्यांचाच. दोन गुलाबी फुप्फुसं, मधून उतरलेली श्वासनलिका, तिला फुटलेले फाटे. बरगड्या दाखवल्याच तर फिकट रेषांनी. आणि दोन बरगड्यांच्या मधे जे मांस असतं, ते कुणी काढतच नाही. माझा जीव त्या न काढलेल्या मांसात अडकलेला आहे.

आत्ता, वाचता वाचताच, उजव्या हाताची बोटं डाव्या कुशीत काखेच्या थोडी खाली टेकवून पाहा. हाड लागतं, मग मऊ खाच लागते, पुन्हा हाड. प्रत्येक बाजूला अशा १२ बरगड्या आणि त्यांच्या मधल्या ११ खाचा. प्रत्येक खाचेत स्नायूंचे पातळ पदर आहेत, एकाखाली एक तीन. जाडी म्हणाल तर काही मिलिमीटर. बाहेरच्या पदराचे धागे वरून खाली येताना पुढे झुकतात, आतल्या पदराचे मागे. बरगडी पाठीच्या कण्याशी टेकलेली असते आणि तिथून उतरत उतरत पुढे छातीच्या हाडाकडे येते. सगळ्यात वरची बरगडी मानेतल्या स्नायूंनी धरून ठेवलेली. बाहेरचा पदर आखडला, की खालची बरगडी वरच्या बरगडीकडे उचलली जाते आणि मुळात उतरती असल्यामुळे उचलताना ती बाहेरही फाकते. बादलीची खाली पडलेली कडी उचलावी, तशी. डॉक्टरांच्या पुस्तकांतही या हालचालीला बादलीच्या कडीचंच नाव आहे.

खालून श्वासपटल साथ देतं. छाती आणि पोट यांच्या मधला हा स्नायूचा घुमट. आखडला की सपाट होतो आणि खाली उतरतो, साध्या श्वासात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, खोल श्वासात त्याच्या कितीतरी पट. निवांत बसलेल्या माणसाच्या श्वासातला मोठा वाटा, जवळपास तीन चतुर्थांश, त्याचाच असतो. पण बरगड्यांच्या मधल्या मांसाने छातीची भिंत ताठ धरली नाही, तर श्वासपटल कितीही खाली ओढो, त्या ओढीने भिंतच आत येईल आणि आतली जागा वाढायची ती वाढणार नाही. या धरून ठेवण्याकडे आपलं लक्ष जात नाही, कारण त्यात काही हलताना दिसत नाही. पुढे जे सांगायचं आहे, ते सगळं या न दिसणाऱ्या धरण्यावर उभं आहे.

आपल्याला वाटतं, हवा आत आली म्हणून छाती फुगली. खरं उलट आहे. छाती आधी फाकते, आतली जागा वाढते, तिथला दाब उतरतो आणि बाहेरची हवा त्या रिकामपणाकडे धाव घेते. १७व्या शतकात जॉन मेयो या इंग्रज वैद्याने भात्याच्या पोटात एक मूत्राशय बसवून हे दाखवून दिलं. भाता उघडला की मूत्राशय भरायचं. त्यात कुणी फुंकत नव्हतं. दाबातला फरकही किती, तर साध्या श्वासाला, पाण्याच्या नळीत मोजला तर जेमतेम १ सेंटिमीटर. तेवढ्यावर अर्धा लिटर हवा आत येते. फुप्फुसं छातीच्या भिंतीमागोमाग जातात, कारण दोघांच्या मधे ओलाव्याचा पातळ थर आहे आणि हवेला शिरायला फट नाही.

आणि सोडताना? सोडताना काहीच करावं लागत नाही. स्नायू सैल होतात, बरगड्या आपल्या जागी उतरतात, श्वासपटल वर चढतं, फुप्फुसांची मिटण्याची ओढ बाकीचं काम करते. शांत माणसाचा उच्छ्वास हा कष्ट नव्हे, कष्टानंतरचा विसावा आहे. दिवसाला साधारण वीस हजार श्वास, म्हणजे तितकेच विसावे. निरोगी शरीरात या साऱ्या खटाटोपाला एकूण शक्तीतला शेकडा ५ भागही लागत नाही. इतकं मोठं काम इतक्या स्वस्तात होतं, म्हणून तर ते आपल्या लक्षात येत नाही.

या पातळ पदरांवरून १८व्या शतकात दोन मोठ्या माणसांचं कडाक्याचं भांडण झालं. जर्मनीतल्या येना इथला गेऑर्ग हाम्बेर्गर म्हणे, बाहेरचा पदर बरगड्या उचलतो आणि आतला उतरवतो. दोघांचे धागे उलट दिशांनी तिरके आहेत, यातच सगळं आलं. त्याने ते भूमितीने मांडलं. आल्ब्रेख्ट फॉन हालर हा त्या काळातला शरीरशास्त्राचा सर्वांत दबदब्याचा माणूस. तो म्हणे, दोन्ही पदर उचलण्याचंच काम करतात. आज हाम्बेर्गरचं पारडं जड आहे. एवढंच, की छातीच्या हाडालगतचा आतल्या पदराचा भाग श्वास घेतानाही कामाला येतो. मला या वादातलं आवडतं ते हे, की तळहाताच्या रुंदीत मावणाऱ्या मांसाच्या धाग्यांची दिशा कोणती, या प्रश्नाला दोघांनी आयुष्यातली वर्षं दिली.

हे स्नायू दंडाच्या स्नायूंच्याच जातीचे आहेत. मनात आलं तर श्वास रोखता येतो, लांबवता येतो. तरी आपण विसरलो, झोपलो, शुद्ध हरपली, तरी ते थांबत नाहीत. मेंदूच्या देठातून त्यांना हुकूम येत राहतो. दोन धन्यांची चाकरी करणारे असे स्नायू शरीरात फार थोडे. गाढ झोपेतून माणूस स्वप्नांच्या झोपेत गेला, की हातपाय लुळे पडतात आणि बरगड्यांमधले स्नायूही जवळजवळ निजतात. त्या वेळी श्वासपटल एकटं जागं असतं. त्याची नस कुठून येते, तर मानेतून. गर्भात श्वासपटल मानेच्या पातळीवर आकाराला यायला लागतं आणि मग खाली छातीच्या तळाशी उतरतं; उतरताना नस सोबत घेऊन येतं. म्हणून मानेच्या वरच्या मणक्यांशी मज्जारज्जू तुटला तर श्वास जागीच थांबतो, आणि थोडा खाली तुटला तर श्वासपटल चालू राहतं पण बरगड्या गप्प होतात. असा माणूस श्वास घेतो, पण त्याला धड खोकता येत नाही. दुसऱ्या शतकात ग्लॅडिएटरांवर उपचार करणाऱ्या गेलन या वैद्याने प्राण्यांच्या कण्यावर वेगवेगळ्या पातळ्यांवर छेद घेऊन हा फरक टिपला होता.

खोकल्याचं तर खास आहे. आधी खोल श्वास, मग कंठाचं दार बंद, मग पोटाचे आणि बरगड्यांच्या आतल्या पदराचे स्नायू सगळी ताकद लावून दाबतात आणि दार एकदम उघडतं. हसतानाही हेच स्नायू, फक्त छोट्या छोट्या हिसक्यांनी हवा बाहेर टाकणारे. हुंदक्यात तेच हिसके उलटे, आत घेणारे. रडून थकलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला की ते हिसके तळहाताला लागतात. उसासा म्हणजे एका श्वासावर चढवलेला दुसरा श्वास. दुःख नसतानाही आपण दर काही मिनिटांनी नकळत एक उसासा टाकतो आणि फुप्फुसातल्या मिटत चाललेल्या पिशव्या त्याने पुन्हा उघडतात. आपली सुखदुःखं बाहेर येतात ती याच ११ खाचांमधून.

बोलणं, गाणं हेही सारं सोडत्या श्वासावर चालतं. तिथे उच्छ्वास विसावा राहत नाही, ती कसरत होते. ती उघड्यावर पाहायची असेल तर कबड्डीचं मैदान गाठावं. आमच्याकडे साताऱ्या-सांगलीच्या पट्ट्यात म्हातारी माणसं अजून हुतूतूच म्हणतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ करून दाखवला, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना सगळ्यात नवल कशाचं वाटलं असेल? मला वाटतं, त्या दमाचं. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जायचं ते एका श्वासावर, आणि तो श्वास सगळ्यांना ऐकू येईल असा खर्च करायचा.

यात्रेतल्या सामन्यात दोरीला टेकून उभं राहिलं, की चढाईपटू अगदी जवळून दिसतो. मध्यरेषा ओलांडण्याआधी तो छाती भरून घेतो. गळ्याखालचे खळगे खोल जातात, बरगड्या फाकतात. मग दम सुरू होतो. भरलेल्या फुप्फुसांची ओढ एव्हाना इतकी असते, की सोडून दिलं तर सगळी हवा एका झटक्यात निघून जाईल. म्हणून पहिले काही क्षण श्वास घेणारेच स्नायू त्याला आवरून धरतात, थोडं थोडं सैल सोडतात. बाहेर जाणारी हवा आत घेणाऱ्या स्नायूंच्या ताब्यात असते. अर्ध्या चढाईनंतर फुप्फुसांची ओढ अपुरी पडते. आता हवा ढकलून काढायला लागते. आतला पदर आणि पोटाचे स्नायू कामाला लागतात, पोट पाठीला चिकटतं, बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी, आवाज बारीक होत जातो. नियमाने चढाई ३० सेकंदांची. त्या ३० सेकंदांत छातीच्या दोन्ही फळ्यांतली, घेणाऱ्यांची आणि सोडणाऱ्यांची, सगळी माणसं मैदानात उतरून जातात. पकडीत सापडलेला गडी रेषेकडे हात लांबवतो तेव्हा प्रेक्षकांचाही श्वास अडकतो, आणि ते काही नुसतं म्हणायला नव्हे.

बरगड्यांची ताकद हवेशिवायही दिसते. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाच्या क्रिया क्ष-किरणांनी आणि दाब मोजण्याच्या नळ्यांनी तपासायला घेतल्या. त्यांच्या अभ्यासात उड्डियान होतं. श्वास पूर्ण सोडायचा, कंठ मिटायचा आणि मग श्वास घेतल्यासारख्या बरगड्या फाकवायच्या. हवा आत येऊ शकत नाही. मग त्या रिकामपणात श्वासपटल वर ओढलं जातं आणि त्याच्या मागोमाग पोट आत, थेट बरगड्यांच्या खाली जातं. पोटाचे स्नायू या वेळी सैल असतात. बघणाऱ्याला वाटतं, पोट आत घेतलं. खरं तर ते ओढून घेतलं बरगड्यांनी.

इथवर सगळं खेळ आणि कसरत. हाच श्वास जेव्हा मजुरी होतो, तेव्हा काय दिसतं ते मी माझ्या आजीकडे पाहून शिकले.

आजीने आयुष्यात कधी विडी ओढली नाही. पण चाळीसेक वर्षं ती चुलीपुढे बसली, ओल्या जळणापुढे, वर धुराडं नसलेल्या स्वयंपाकघरात. सत्तरीत तिच्या आजाराला सीओपीडी असं नाव मिळालं. रात्री-अपरात्री ती खाटेच्या काठावर बसलेली असायची. पाय खाली सोडलेले, दोन्ही तळहात मांड्यांवर रोवलेले, कोपर ताठ, खांदे कानांपाशी. मी म्हणायचे, "आजी, आडवी हो, बरं वाटेल." ती मानेनेच नाही म्हणायची, बोलण्यात हवा घालवायची तिची तयारी नसे. ती का आडवी होत नाही, हे मला फार पुढे कळलं. हात रोवले की खांदे जागचे हलत नाहीत. खांदे पक्के झाले, की एरवी दंड हलवणारे छातीचे मोठे स्नायू उलट बाजूने ओढू लागतात आणि बरगड्या उचलायला मदत करतात. मानेतले दोन दोर तिच्या प्रत्येक श्वासाला वर यायचे आणि बुडायचे. हे सगळे अडचणीला धावून आलेले शेजारी. निरोगी माणसाच्या साध्या श्वासात त्यांना कुणी बोलावतही नाही.

त्या दुखण्याचं मूळ सोडण्यात असतं. फुप्फुसांची मिटण्याची ओढ ओसरलेली, नळ्या अरुंद झालेल्या. आत गेलेली हवा बाहेर निघत नाही, छाती कायम भरलेलीच राहते. बरगड्या आधीच वर चढून बसलेल्या, आणखी किती उचलणार? श्वासपटल आधीच सपाट, ते आणखी किती उतरणार? उलट सपाट श्वासपटल आखडलं, की खालच्या बरगड्यांना बाहेर ढकलण्याऐवजी आत ओढतं. आजीच्या कुशीत, अगदी शेवटच्या बरगड्यांपाशी, दर श्वासाला कातडी आत जायची. ती श्वास घेत होती आणि तिचंच एक अंग तिच्या विरुद्ध चाललं होतं. निवांत माणसाला मिळणारे ते वीस हजार विसावे तिला एकही मिळत नव्हते.

फिजिओथेरपीवाल्या ताई यायच्या. त्या तिला शिकवायच्या: नाकाने घ्या, ओठांचा चंबू करा आणि हळूहळू फुंकर घालत सोडा. तसं केलं की नळ्यांतला दाब टिकतो, त्या लवकर मिटत नाहीत, हवा जरा जास्त निघून जाते. आजीला ते पहिल्या दिवशी जमलं. फुंकणी तोंडाला लावून विझू पाहणारा जाळ पेटता करण्यात तिची हयात गेली होती. ओठांना ती घडी पाठ होती. ज्या फुंकरीने तिने घरादाराला भाकरी घातली, तिच्यामागून येणारा धूर तिने प्रत्येक वेळी छातीत घेतला. चुलीच्या भाकरीची चव सांगणारे लेख मी वाचते, तेव्हा मला आजीच्या कुशीतली ती आत जाणारी कातडी आठवते आणि माझ्याने ते पुढे वाचवत नाहीत.

आजीचे स्नायू थकले होते, पण होते. ते अजिबातच गेले तर? पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींवर घाला घालतो. पाय लुळा पडलेला पोलिओ आपल्या पिढीने गल्लोगल्ली पाहिला; छाती लुळी पडलेला पोलिओ पाहायला मिळाला नाही, कारण ती मुलं फारशी मागे उरली नाहीत. त्यांची फुप्फुसं धडधाकट होती. हवा भोवती होती. फक्त बरगड्या उचलायला कुणी नव्हतं. १९२८ साली बॉस्टनमध्ये फिलिप ड्रिंकर यांच्या लोखंडी फुप्फुसात एका लहान मुलीला पहिल्यांदा ठेवलं गेलं. डोकं बाहेर आणि बाकी शरीर बंद पिंपात. पिंपातला दाब कमी केला की छाती वर यायची. बरगड्या आतून करतात ते काम यंत्र बाहेरून करत होतं. डॅलसचे पॉल अलेक्झांडर १९५२ साली, सहाव्या वर्षी, अशा यंत्रात गेले आणि २०२४ मध्ये वारले तोवर त्यांचं आयुष्य त्याच्याच आधाराने चाललं. त्यात त्यांनी वकिली शिकून केली. घशाने आणि जिभेने हवेचे घोट गिळून फुप्फुसात ढकलायला ते लहानपणी शिकले, आणि तीन मिनिटं ते जमलं म्हणून त्यांना कुत्र्याचं पिल्लू बक्षीस मिळालं.

त्याच १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात यंत्रं मोजकीच होती. सुरुवातीला यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देववून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती जगली. मग वैद्यकीचे विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशी बसले, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे. सुमारे दीड हजार विद्यार्थी. पिशवी दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. पलीकडे मूल डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत असे, कारण त्याला सगळं कळत होतं. कुणाच्या तरी बरगड्यांमधलं काम कुणाच्या तरी मुठीने महिनोन्‌महिने केलं, ही हकीकत मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा माणसांबद्दलचा माझा विश्वास थोडा वर येतो. आजचे अतिदक्षता विभाग त्या खाटांपाशी जन्मले. आपल्याकडे पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला सापडला. लसीचे ते दोन थेंब पाजत दारोदार फिरलेल्या बायांचे उपकार आपण पुरेसे मोजलेले नाहीत.

पण छाती पाहायला न शिकल्याने आजही मुलं जातात, आणि म्हणूनच खरं तर मी हे लिहायला बसले.

तान्ह्या बाळाच्या बरगड्या आपल्यासारख्या उतरत्या नसतात, जवळजवळ आडव्या असतात. कडीच आधी वर असेल तर ती उचलून फाकणार कशी? शिवाय त्या मऊ, बऱ्याच अंशी कूर्चेच्या. त्यामुळे बाळाचा सगळा भार श्वासपटलावर, आणि म्हणूनच बाळाचं पोट श्वासागणिक वरखाली होतं. त्यात भर म्हणजे बाळाच्या श्वासपटलात न थकता काम करणारे धागे मोठ्या माणसाच्या मानाने कमी असतात. न्यूमोनिया झाला की फुप्फुसं कडक होतात, श्वासपटल जिवाच्या आकांताने खाली ओढतं, आणि छातीची मऊ भिंत त्या ओढीपुढे टिकत नाही. पोट वर येतं, त्याच क्षणी छातीचा खालचा भाग आत जातो. बाळ जितकं जास्त कष्ट करतं, तितकी त्याची छाती आत ओढली जाते. मग ते थकतं. श्वास मंदावतो, कुरकुर थांबते. घरच्यांना वाटतं, उतार पडला, पोर निजलं. तीच सगळ्यात वाईट घडी असते.

मेळघाटात अशा पोट उडणाऱ्या, पोट फुगलेल्या बाळांना तापल्या विळ्याने पोटावर चटके देण्याची चाल आहे. त्याला डंबा म्हणतात. त्याबद्दल वाचून आपण हळहळतो, संतापतो, आणि संतापावंच. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. चटके देणाऱ्या बाईची नजर बरोबर जागी गेलेली असते. बाळाच्या पोटाचं काहीतरी बिनसलं आहे, हे तिला एखाद्या शिकलेल्या आईच्या आधी दिसलेलं असतं. चूक असते ती पुढची: कष्ट करणाऱ्या अंगालाच दोषी ठरवून भाजणं. बघणं तिच्याजवळ आहे. बघितल्यावर काय करायचं, हे तिच्यापर्यंत पोचवण्यात आपण कमी पडलो.

गडचिरोलीत ते पोचवलं गेलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. खेड्यांत डॉक्टर नव्हते, क्ष-किरण यंत्रं नव्हती, पण दाया होत्या आणि गावातलीच आरोग्याचं काम करणारी माणसं होती. त्यांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. अडचण अशी, की मिनिटाला पन्नास-साठ श्वास मोजायचे तर आकडे यायला हवेत, आणि कित्येक दायांना ते येत नव्हते. म्हणून एक साधं साधन निघालं: एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापाशी पोचलात तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी एक ओळ, मोठ्या मुलांसाठी दुसरी. अशी माणसं उपचार करू लागली आणि मुलांचे मृत्यू घटले. ते निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आणि हे सगळं स्टेथोस्कोपशिवाय, शाळेशिवाय, नुसतं उघड्या छातीकडे एक मिनिट पाहून.

त्या एका मिनिटाबद्दल मला तुम्हाला हात जोडून सांगायचं आहे. घरात, शेजारी, कामावरच्या मावशींच्या कडेवर खोकणारं, तापलेलं मूल दिसलं तर नुसता कपाळाला हात लावून थांबू नका. ते रडत किंवा दूध पीत नसेल तेव्हा झबलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा गावातल्या आशाताईंकडे न्या. आणि श्वास घेताना बरगड्यांच्या खालची जागा आत ओढली जात असेल, तर मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.